अंगाईची शिकवणी

गेल्या दिवाळींत भूम येथें एका स्नेह्यांच्या घरीं बसलों असतां एक लहानसा संवाद आमच्या कानीं पडला, आणि तेव्हांपासून तो मनांतून गेलेला नाहीं. स्नेह्यांचा मुलगा पुण्यास नोकरीला असतो. तो, त्याची पत्नी व त्यांची पावणेदोन वर्षांची मुलगी अशीं तिघें सणासाठीं घरीं आलीं होतीं. बोलण्याच्या ओघांत सूनबाईंनीं सांगितलें कीं, मुलीला घेऊन तीं दोघें दर शनिवारीं सकाळीं संगीताच्या वर्गाला जातात. मुलीची आजी करंज्या लाटीत होती. तिचा हात थांबला. "अरे, जिला अजून धड पाणी मागतां येत नाहीं, तिला गाणें शिकवायला मास्तर ठेवला होय?" तिनें मुलास विचारलें. मुलगा हंसून म्हणाला, "अगं आई, ती शिकवणी तिची नाहीं, आमची आहे." "तुमची?" आजी म्हणाली, "मग माझ्या मांडीवर ऐकलंस तें कुठें गेलं?" सर्व मंडळी हंसलीं, आणि बोलणें दुसरीकडे वळलें.

आजीचा तो प्रश्न हंसण्यावारी गेला खरा. परंतु तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं असें आम्हांस वाटतें. तान्ह्या मुलास गाणें ऐकविणें हें आईबापांचें कर्तव्य आहे काय? असल्यास तें द्रव्य देऊन दुसऱ्याकडून करवून घेतां येतें काय? आणि तें करावयाचें तें कशासाठीं? हे तीन प्रश्न त्या एका वाक्यांत दडलेले आहेत, व त्यांचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

अशा वर्गांची ज्यांस माहिती नसेल त्यांच्यासाठीं प्रथम थोडें सांगितलें पाहिजे. पुण्यामुंबईसारख्या शहरांतून हे वर्ग आतां चालू झाले आहेत. काहीं महिन्यांच्या अर्भकापासून तीनचार वर्षांपर्यंतचीं आठदहा मुलें, आणि प्रत्येकाबरोबर आई किंवा बाप, अशीं सारीं सतरंजीवर वर्तुळ करून बसतात. आरंभीं प्रत्येक मुलाचें नांव गुंफून स्वागताचें गाणें होतें. मग मुलांना मांडीवर झुलवीत, त्यांच्या हातीं खुळखुळे, लहान डफ व झांजा देऊन गाणीं म्हटलीं जातात; मध्येंच उठून फेर धरतात; आणि शेवटीं सर्वजण मिळून हळू आवाजांत एक अंगाई म्हणतात. पाऊणएक तासांत सर्व आटोपतें. मुलानें कांहीं म्हणून दाखवावें अशी अपेक्षा नसते. तें रांगत कोपऱ्यांत गेलें तरी कोणी त्याला ओढून आणीत नाहीं. अपेक्षा असते ती मोठ्यांकडून. त्यांनीं तोंड उघडून गावें, आणि घरीं जाऊन पुन्हां गावें. तेव्हां, शिकवणी आमची आहे, हें त्या मुलाचें उत्तर विनोदाचें असलें तरी अक्षरशः खरें होतें.

ही कल्पना कालपरवांची नाहीं. किंडरगार्टनचा जनक फ्रोबेल या जर्मन शिक्षणशास्त्रज्ञानें १८४४ सालींच आयांसाठीं खेळगीतांचें पुस्तक काढलें. मुलाशीं बोटांचे खेळ खेळत आईनें काय गावें हें त्यांत चित्रांसह दिलें होतें. मुलाच्या संगीतशिक्षणाचा आरंभ त्याच्या आईच्या जन्माच्याही नऊ महिने आधीं व्हावयास पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांनीं काढले होते. म्हणजे आई गाणारी हवी, आणि ती गाणारी व्हावी म्हणून आजीही गाणारी हवी. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतींत मुलाआधीं पालकानें वाद्य हातीं घ्यावयाचें असतें. आज जगभर चालणाऱ्या पालक-बालक वर्गांपैकीं एक प्रमुख पद्धति अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें १९८७ सालीं निघाली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र उघडलें, आणि अनुताई वाघ यांच्या साह्यानें शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणांत नेली. त्या अंगणांतल्या शाळेंत गाणें व अभिनय यांना अक्षरांच्या आधीं स्थान होतें. तेव्हां आजीनें ज्याला मास्तर म्हटलें त्या मास्तराची कुळी चांगली आहे.

आतां आजीच्या बाजूनें जो पहिला आक्षेप निघतो तो असा: जें घरोघरीं फुकट मिळत होतें, त्याला आतां दर लावून विकावयास मांडलें आहे. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु तें खरोखरच फुकट मिळत होतें काय? भल्या पहांटे उठून जात्यावर बसणाऱ्या बाईनें मांडीवर मूल घेऊन ओवी म्हटली, तेव्हां त्या ओवीची किंमत कोणी तरी देतच होतें. ती देणारी तीच होती, एवढेंच. हेमा रायरकर व गी प्वातवॅं यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या जमविल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. एवढें मोठें वाङ्मय ज्या कष्टांच्या तालावर निर्माण झालें ते कष्ट पिठाच्या गिरणीनें संपविले, आणि संपविले हें फार चांगलें केलें. ओवी परत यावी म्हणून जातें परत आणावें, असें म्हणण्याचा अधिकार ज्याला दळावें लागणार नाहीं त्याला तरी नाहीं. गाणें कामाला बांधलेलें होतें. काम सुटलें, तेव्हां गाण्याची जागाही सुटली. शिवाय त्या जुन्या व्यवस्थेंत बाप कोठें होता? तो भजनांत टाळ वाजवीत असेल, गोंधळांत रात्र जागवीत असेल. परंतु पाळण्याची दोरी धरून गाणारा बाप विरळा. शनिवारीं सकाळीं सतरंजीवर मांडी घालून, संकोचानें का होईना, मुलीसाठीं गाणारा बाप ही गोष्ट जुन्या काळीं नव्हती, ती आज आहे. म्हणून गेलेल्या दिवसांचा शोक करून या प्रश्नाचा निकाल लागणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो वर्गावर नसून वर्गाला जाणाऱ्यांच्या हेतूवर आहे. पुष्कळ आईबाप मुलाला अशा ठिकाणीं नेतात तें त्याची बुद्धि तल्लख व्हावी म्हणून. या समजुतीचा इतिहास मनोरंजक आहे. १९९३ सालीं 'नेचर' या प्रसिद्ध विज्ञानपत्रिकेंत कॅलिफोर्नियांतील तिघा संशोधकांचें एक छोटें टिपण आलें. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटें ऐकविली असतां, आकृति मनांत फिरवून पाहण्याच्या एका प्रकारच्या प्रश्नांत त्यांची थोडी प्रगति दिसली, व ती दहापंधरा मिनिटांत ओसरली. त्यांत तान्हें मूल एकही नव्हतें. तरीही या बीजांतून एवढा वृक्ष झाला कीं, १९९८ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनीं प्रत्येक नवजात बालकाच्या घरीं अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका सरकारी खर्चानें पाठविण्याची योजना मांडली. पुढें २०१३ सालीं हार्वर्ड येथील संशोधकांनीं चार वर्षांच्या मुलांस पालकांसह सहा आठवडे संगीतवर्गांत बसविलें, आणि चित्रकलेच्या वर्गाशीं व वर्गाला न गेलेल्या मुलांशीं त्यांची तुलना केली. गणित, भाषा वा आकृतिज्ञान यांत संगीतानें भरंवशानें म्हणतां येईल असा कोणताही लाभ झालेला त्यांस आढळला नाहीं. तो अभ्यास थोड्या मुलांचा व थोड्या आठवड्यांचा होता, हें खरें. तरी जाहिरातींच्या आत्मविश्वासाला त्यानें धक्का द्यावयास हरकत नव्हती.

पण समजा, उद्यां असा लाभ सिद्ध झाला, तर आमचा प्रश्न सुटेल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलीला मांडीवर घेऊन गाणारा बाप मनांत जर हिशेब मांडीत असेल कीं, आजच्या या पाऊण तासाचे दहावीच्या परीक्षेंत किती गुण होतील, तर तो मुलीजवळ बसलेला नाहीं. तिच्यापासून तेरा वर्षें पुढें जाऊन बसला आहे. मुलीला मात्र तेरा वर्षांनंतरचा बाप नको आहे. तिला समोरचा हवा आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, संगोपन म्हटलें म्हणजे त्यांत भविष्याचा विचार आलाच. निर्हेतुक असें आईबाप मुलासाठीं काय करतात? आणि आपल्या परंपरेंतील सर्वांत थोर अंगाईही निर्हेतुक कोठें होती? मार्कंडेयपुराणांतील मदालसेनें विक्रांत, सुबाहु व शत्रुमर्दन या आपल्या पहिल्या तीन पुत्रांना पाळण्यांतच आत्मज्ञान पाजलें, आणि ते विरक्त झाले. चौथ्या अलर्काच्या वेळीं राजानें विनंति केली तेव्हां तिनें त्याला राजधर्म शिकविला. इतका उघड हेतु धरून गाइलेलें दुसरें गाणें दाखविणें कठीण! हा प्रतिवाद खरा आहे, व त्यानें आमचें म्हणणें अधिक नीट मांडण्यास भाग पाडलें आहे. मदालसेला हेतु होता. परंतु जें ती मुलांस देत होती तें तिचें स्वतःचें होतें. आत्मा हाच सत्य, हें तिनें आधीं स्वतः मानलें, मग गाइलें. दोष मुलाच्या भविष्याचा विचार करण्यांत नाहीं. जें आपणांस प्रिय नाहीं, ज्यासाठीं आपण आपल्या आयुष्यांतील एक घटकाही कधीं दिली नाहीं, तें मुलास हितकर म्हणून पाजण्यांत दोष आहे. ज्या घरीं वर्षभर कोणी गात नाहीं, त्या घरचें मूल आठवड्यांतून एकदां गाण्याला नेलें जातें, तेव्हां त्याला संगीत कळो वा न कळो, एवढें निश्चित कळतें कीं, गाणें ही औषधासारखी ठराविक वेळीं घ्यावयाची वस्तु आहे.

याच्या उलट टोंकाची चूकही असूं शकते, आणि तिची कथा आमच्याच जिल्ह्यांत घडलेली सांगतात. धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गोरोबाकाकांचें गांव. त्यांची समाधि तेथेंच आहे. कथा सर्वांस ठाऊक आहे. विठ्ठलाच्या भजनांत तल्लीन होऊन गोरोबा माती तुडवीत असतां त्यांचें रांगतें मूल त्या चिखलांत आलें, व त्यांच्या पायांखालीं तुडविलें गेलें. त्यांना त्याचें भान नव्हतें. पुढें देवानें मूल परत दिलें, आणि भक्तीचा महिमा म्हणून कीर्तनकार ही कथा सांगतात. त्या महिम्याशीं वाद घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ही कथा ऐकतांना श्रोत्यांतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात तो त्या मुलासाठीं, आणि त्या चुकत नाहींत. कथेंतलें गाणें सर्वथा शुद्ध होतें. त्यांत लाभाचा लेश नव्हता. उणीव एकच होती: गाणाऱ्याला समोरचें मूल दिसत नव्हतें. म्हणजे मुलापुढें गाण्यांत दोन रीतींनीं चुकतां येतें. एकांत गाणें मुलाच्या भावी लाभासाठीं राबविलें जातें. दुसऱ्यांत मूल गाण्यासाठीं विसरलें जातें. आज घरोघरीं जी तल्लीनता दिसते तिचा विषय विठ्ठल नसून हातांतला मोबाईल असतो, आणि परत आणून देणारा देवही तेथें नसतो.

आतां कर्तव्याच्या प्रश्नाकडे वळूं. आईबापांचीं कांहीं कर्तव्यें दुसऱ्याकडून करवून घेतां येतात. मुलाचा आंगरखा शिंप्यानें शिवला किंवा लस परिचारिकेनें टोंचली म्हणून प्रेमांत उणेपणा येत नाहीं. कांहीं कर्तव्यें मात्र अशीं आहेत कीं, तीं स्वतः न केलीं तर केलींच जात नाहींत. क्षमा मुखत्यारामार्फत मागतां येत नाहीं; सांत्वनासाठीं नोकर पाठवितां येत नाहीं. मुलासाठीं गाणें हें यांपैकीं कोणत्या प्रकारांत पडतें?

येथें शास्त्राचा थोडा उपयोग होतो. मॉंट्रियल येथील संशोधकांनीं २०१५ सालीं सहा ते नऊ महिन्यांच्या मुलांना अनोळखी भाषेंतील गाणीं आणि बोलणीं ध्वनिमुद्रणावरून ऐकविलीं. बोलणें ऐकतांना मुलें सरासरी सुमारें ४ मिनिटें शांत राहिलीं. गाणें ऐकतांना सुमारें ९ मिनिटें. गाणारी त्यांची आई नव्हती, भाषा त्यांची नव्हती, समोर कोणी गातही नव्हतें. तरी गाण्यानें आपलें काम केलें. तेव्हां रडें लांबविणें हेंच जर गाण्याचें साध्य असेल, तर तें काम यंत्रही करील, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. मोबाईल हातीं देणारे आईबाप या बाबतींत मूर्ख नाहींत.

परंतु दुसरीही एक गोष्ट दिसून आली आहे. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांत २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चौदा महिन्यांच्या मुलांना संगीताच्या तालावर झुलविलें. समोरची बाई त्याच तालावर झुलत असली, तर पुढें तिच्या हातून पडलेली वस्तु मूल अधिक तत्परतेनें उचलून तिला देई. ती भलत्याच तालावर झुलत असली, तर तितकें देत नसे. आणि ही तत्परता सरसकट कोणाही तिऱ्हाइतासाठीं नव्हती. जिच्याबरोबर ताल जुळला तिच्याकडे ती वळलेली होती. याचा अर्थ असा कीं, शांतता गाण्यानें मिळते, पण ओळख मिळते ती बरोबर गाणाऱ्याची. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत अर्भक इतर बायकांच्या आवाजाहून आईचा आवाज अधिक पसंत करतें, हें तर १९८० सालींच दाखविलें गेलें आहे. जो आवाज मूल ओळखूं पाहतें, तोच गप्प बसला आणि त्याच्या जागीं उत्तमांत उत्तम गायकाचें ध्वनिमुद्रण वाजलें, तर झोंप लागेल. ओळख वाढणार नाहीं. गाण्याचा हा दुसरा भाग मुखत्यारपत्रानें देतां येत नाहीं.

आमच्या भूमचा खवा प्रसिद्ध आहे, आणि त्याच खव्याच्या कुंथलगिरीच्या पेढ्याची ख्याति दूरवर गेली आहे. दूध आटवून, सतत हलवून, भट्टीच्या धगीपुढें बसून तो करावा लागतो. तें कसबाचें काम आहे आणि त्याचा मान मोठा आहे. परंतु पेढा कितीही उत्तम असला तरी तान्ह्याची भूक त्यानें भागत नाहीं. त्याला दूधच लागतें. अभिजात संगीत आणि अंगाई यांचा संबंध आम्हांस असाच वाटतो. एकामुळें दुसऱ्याला कमीपणा येत नाहीं. पण एकाच्या जागीं दुसरें चालत नाहीं.

मग आईबाप गात कां नाहींत? विचारल्यास बहुतेक एकच उत्तर येतें: "आम्हांला गळा नाहीं." हें उत्तर नवें आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीत राजदरबारांतून व मैफलींतून काढून सामान्यांच्या दारीं आणलें, हे त्यांचे उपकार आहेत. परंतु विद्येबरोबर परीक्षा आली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आल्या. पुढें आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी आली, स्पर्धा आल्या. आणि जो त्या पायऱ्या चढला नाहीं त्याला हळूहळू वाटूं लागलें कीं, आपल्याला गाण्याचा अधिकारच नाहीं. जात्यावरच्या बाईनें आपल्याला गळा आहे कीं नाहीं असा विचार कधीं केला नव्हता. दोष परीक्षांचा नव्हे. गाण्याचे दोन अर्थ आपण एक करून टाकले, हा दोष आपला. मैफलींत बेसूर होणें हा अपराध आहे, कारण तेथें श्रोता गाण्यासाठीं आलेला असतो. मांडीवरचा श्रोता गाणाऱ्यासाठीं आलेला असतो, आणि त्याच्या दरबारीं विशारद व निरक्षर यांची पंगत एकच.

या दृष्टीनें पाहतां शनिवारच्या त्या वर्गाचें खरें कार्य कळून येतें. तो मुलास संगीत देत नाहीं. आईबापांची लाज काढून घेतो. दहा माणसें एकत्र बसून बेसूर गातात, आणि आकाश कोसळत नाहीं, हा अनुभव त्यांना अन्यत्र मिळत नाहीं. ज्या वर्गाला जाऊन बाप घरीं अंघोळ घालतांना, भात भरवितांना गाऊं लागतो, तो वर्ग सफल झाला. ज्या वर्गाला जाऊन गाणें शनिवारपुरतें राहतें, त्याची फी वांया गेली. चांगला वैद्य ज्याप्रमाणें स्वतःची गरज संपविण्यासाठीं झटतो, त्याप्रमाणें असा वर्ग स्वतःला अनावश्यक करण्यासाठीं चालला पाहिजे. धंदा म्हणून हें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों.

आतां या विवेचनांतील सर्वांत अवघड भाग. आम्ही म्हणालों कीं, मुलाला आईबापांचा आवाज मिळणें हें त्याचें देणें आहे, आणि तें दुसऱ्यानें फेडतां येत नाहीं. पण हें वाक्य कोणाच्या तोंडावर फेंकावयाचें? दसरादिवाळी झाली कीं भूम, वाशी, परंडा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या वहींत माणसें नसतात, कोयते असतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोचें जोडपें. उचल फिटेपर्यंत पांचसहा महिने तें जोडपें पहांटेपासून फडांत असतें, आणि त्यांचें तान्हें मूल बांधावर, नाहीं तर गाडीखालीं बांधलेल्या झोळींत. गाणें सुचण्यासाठीं जो थोडासा रिकामा श्वास लागतो, तो त्या आईजवळ दिवसाच्या शेवटीं उरत नाहीं. तिला कोणी कर्तव्याचा उपदेश करील, तर तो उपदेश नव्हे, निष्ठुरता होईल. जें कर्तव्य पार पाडण्याची सवडच समाजानें हिरावून घेतली आहे, त्याचें उत्तरदायित्व समाजावर येतें. तिला वर्ग नको आहे, शिक्षक नको आहे. तिला एक तास हवा आहे.

सरकारला याची अजिबात जाणीव नाहीं असें नाहीं. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि ताराबाई-अनुताईंच्या अंगणाचें नांव धारण करणारी अंगणवाडी देशभर पसरली. २०२४ सालीं केंद्र सरकारनें 'नवचेतना' नांवाचा आराखडा काढला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाशीं घरच्या माणसांनीं कसें बोलावें, खेळावें, गावें, याचें महिन्यामहिन्याचें मार्गदर्शन त्यांत आहे. हें स्वागतार्ह आहे. श्रीमंतांच्या मुलांना फी देऊन जें मिळतें त्याचा गाभा गरिबांच्या अंगणांत फुकट नेण्याची ही वाट आहे. परंतु अंगणवाडी गांवांत राहते आणि मूल फडावर जातें, तोंपर्यंत ही वाट अर्ध्यावरच संपते. आणि आईला तास मिळत नाहीं तोंवर मार्गदर्शनाचा कागद हा तिच्यावर आणखी एक ठपका होऊन बसण्याचें भय आहे. मुलासाठीं गाणें हें ज्याला कर्तव्य वाटतें, त्याला मजुरीचा दर, कामाचे तास आणि फडावरचें पाळणाघर हे विषय परके वाटतां कामा नयेत. अंगाईचा विचार प्रामाणिकपणें केला कीं तो येथवर येतोच.

सारांश, आमच्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आम्हांस अशीं दिसतात. मुलासाठीं गाणें हें कर्तव्य आहे. पण तें संगीत देण्याचें कर्तव्य नसून स्वतःला देण्याचें आहे. तें दुसऱ्याकडून करवितां येत नाहीं. मात्र तें करण्याचें धैर्य दुसऱ्याकडून शिकतां येतें, आणि तें शिकण्यांत लाज नाहीं. आणि तें कशासाठीं, तर समोर मूल आहे म्हणून. याहून मोठें कारण शोधूं गेल्यास कारण मोठें होतें आणि मूल लहान होतें.

दिवाळीच्या त्या दिवशींची गोष्ट अपुरी राहिली आहे, ती सांगून लेख पुरा करतों. संध्याकाळीं वीज गेली. मुलगी अंधाराला भिऊन रडूं लागली, तेव्हां तिच्या बापानें तिला मांडीवर घेऊन वर्गांतलें एक गाणें हळू आवाजांत सुरू केलें. आवाज चांगला नव्हता. दोनदां स्वर निसटला. मुलगी थांबली, आणि त्याच्या गुडघ्यावर थापट्या मारूं लागली. स्वयंपाकघराच्या दारांत आजी येऊन उभी राहिली. गाणें पुन्हां फिरून आलें तेव्हां तिनेंही तें धरलें. आणि तिसऱ्या खेपेस त्यांत नातीचें नांव, मग आत्याचें, मग पाठीमागच्या गोठ्यांतल्या गाईचें नांव घालून तिनें तें इतकें लांबविलें कीं, वर्गाच्या शिक्षिकेला तें ओळखूं आलें नसतें. मुलाला आईचीं जुनीं गाणीं येत नव्हतीं. आईला मुलाचें नवें गाणें दहा मिनिटांत आलें.

वीज आल्यावर तिनें सहज विचारलें, "महिन्याला किती घेतात रे?" त्यानें आंकडा सांगितला. तिनें मनाशीं हिशेब केला आणि म्हणाली, "एवढ्यांत तुम्ही तिघं महिन्यांतून एकदां तरी एस. टी.नें इकडे याल कीं." मुलगा खालीं पाहूं लागला. शनिवारची सुट्टी, नोकरीचे तास, प्रवासांत लागणारा वेळ, हीं सारीं कारणें त्याच्याजवळ होतीं, आणि तीं खरींही होतीं. त्यानें त्यांतलें एकही सांगितलें नाहीं. मुलगी तोंवर आजीच्या मांडीवर झोंपी गेली होती.